मराठवाड्याच्या कातळाखालची कासवं

डायनासोरच्या अंड्यांची बातमी आली की मराठवाड्यात एक प्रश्न हमखास निघतो. नर्मदेकाठी सापडतं, चंद्रपुरात सापडतं, मग बीड, लातूर, परभणीत का सापडत नाही? इथं डायनासोर नव्हतेच की काय? २०२३ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या धार भागातली ९२ घरटी आणि २५६ अंडी संशोधकांनी जगापुढं मांडली. त्याच वर्षाच्या शेवटी, तिथल्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून पूजलेले गोल दगडही अंडीच निघाल्याचं छापून आलं. मग आपल्याकडेही बांधावरचा वाटोळा धोंडा लोक उचलून, फिरवून बघू लागले.

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर डायनासोरपेक्षा कासवाकडून जास्त नीट मिळतं असं माझं मत आहे. डायनासोर म्हटलं की त्याच्या आकारातच डोळे अडकतात. कासव लहान, संथ, पाण्याच्या कडेकडेनं राहणारं. त्यामुळे ज्या जमिनीवर ते जगलं तिची खबर त्याच्या हाडांत राहून जाते: इथं तळं होतं की नदी, ही जमीन कोणत्या भूखंडाला चिकटलेली होती, पुढं तिच्यावर काय येऊन पडलं. मराठवाड्याच्या भूमीचं जे झालं ते समजून घ्यायला हा साक्षीदार फार मोलाचा आहे.

आधी काळाचा हिशेब

मेलेल्या प्राण्याचं हाड, दात, कवच किंवा अंडं गाळात लवकर पुरलं गेलं, तर हळूहळू त्यात खनिजं भरतात आणि त्याचा दगड होतो. त्याला जीवाश्म म्हणतात. यातला 'लवकर' हा शब्द महत्त्वाचा. उघड्यावर पडलेलं हाड कोल्ही-कुत्री पळवतात, उन्हानं त्याचा भुगा होतो. म्हणून जीवाश्म मिळतात ते बहुतेक गाळाच्या जागी, म्हणजे नदी, तळं, समुद्र यांच्या तळाशी. कासव तिथंच राहतं, तिथंच मरतं, आणि अंगावर जाड हाडांचं कवच बाळगतं. त्यामुळे त्याचे अवशेष टिकण्याची शक्यता इतर बऱ्याच प्राण्यांहून जास्त असते.

ज्याला आपण डायनासोरचं युग म्हणतो ते साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपलं. त्याचे तीन भाग: ट्रायासिक, ज्युरासिक आणि शेवटचा क्रिटेशस. कासवं या युगात मागाहून आलेली नाहीत. पूर्ण कवच असलेलं कासव २१ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पहिले डायनासोर नुकते पसरत होते तेव्हाच, तयार झालेलं होतं. जर्मनीत सापडलेल्या त्या कासवाला प्रोगॅनोकेलिस हे नाव १८८७ साली मिळालं.

कवच म्हणजे अंगावर घेतलेलं ओझं नव्हे

चित्रकथांत कासव कवचातून बाहेर पडून फिरायला जातं. खऱ्या कासवाला ते जमणार नाही, कारण कवच हा त्याचा सांगाडाच आहे. पाठीवरचं कवच म्हणजे रुंद होऊन एकमेकींना जुळलेल्या बरगड्या आणि पाठीचा कणा. पोटाकडचं कवच वेगळ्या हाडांचं, आणि दोन्ही बाजूंनी जोडलेलं. अशी पन्नासच्या आसपास हाडं मिळून कवच होतं. त्यावर नखाच्याच द्रव्याचे खवले असतात, ज्यांची नक्षी आपल्याला वरून दिसते.

हे एका झटक्यात घडलं नाही. दक्षिण आफ्रिकेत २६ कोटी वर्षांपूर्वीचा युनोटोसॉरस नावाचा प्राणी सापडला आहे. त्याला कवच नाही, पण बरगड्या चांगल्याच रुंद आहेत. चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात सापडलेलं ओडोंटोकेलिस २००८ साली जाहीर झालं. ते सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं, तोंडात दात असलेलं, आणि त्याला फक्त पोटाकडचं कवच होतं. पाठ अजून उघडी होती. अर्धं कवच घेऊन जगणारं कासव हाती लागणं ही या सगळ्या शोधांतली मला सर्वात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

इथं एक शंका येते. कवच संरक्षणासाठी असेल, तर अर्धवट कवचाचा उपयोग काय? आणि रुंद बरगड्यांनी तर नुकसानच होतं: बरगड्या हलत नाहीत म्हणून श्वास घेणं अवघड, आणि चालही मंद. कासवाला आजही पोटाच्या स्नायूंनी श्वास ओढावा लागतो. युनोटोसॉरसच्या हाता-खांद्यांची हाडं नीट तपासल्यावर काही अभ्यासकांनी असं मांडलं की रुंद बरगड्या आधी माती उकरायला कामी आल्या असाव्यात. जमीन खणताना पुढच्या पायांनी जोर लावायचा तर धड भक्कम हवं. त्याच बरगड्यांपासून कवच झालं, आणि ते संरक्षणाला कामी आलं ते नंतर. खणण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढं तो पुन्हा येणार आहे.

मान आत घेण्याच्या दोन तऱ्हा

आपल्या नद्या-विहिरींतलं कोणतंही कासव आठवा. त्याला हात लावला की डोकं सरळ मागं, आत जातं. मान उभी घडी घेते. जगातली बरीचशी कासवं अशीच आहेत. पण दुसरी एक शाखा आहे, ती मान आडवी वळवते आणि डोकं कवचाच्या कडेखाली, खांद्याजवळ दडवते. पहिल्यांना या लेखापुरतं सरळमानी म्हणू, दुसऱ्यांना आडमानी.

हा फरक फक्त सवयीचा नाही. मानेच्या मणक्यांचे सांधे, कवटीचा मागचा भाग, कमरेचं हाड कवचाला जोडलेलं आहे की सुटं, अशा अनेक ठिकाणी तो हाडांत उमटतो. त्यामुळे मान कधीच दिसली नाही तरी जीवाश्म कोणत्या शाखेचं हे ओळखता येतं.

आता महत्त्वाचं. आडमानी कासवं आज मुख्यतः दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी या भागांत नैसर्गिकरीत्या आहेत. भारतात एकही नाही. आपली सगळी कासवं सरळमानी. पण डायनासोरच्या युगाच्या शेवटी दख्खनच्या आणि दक्षिणेच्या नद्यांत राहणारी जी कासवं आजवर नीट ओळखली गेली, ती आडमानी होती.

भारतात सापडलं तरी काय?

आपल्या जवळचं एक ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोरा तालुक्यातलं पिजदुरा. अभ्यासकांच्या लिखाणात ते पिसदुरा होतं. तिथली तांबूस माती लाव्हाच्या खालची, डायनासोर युगाच्या अगदी शेवटची. या मातीच्या थराला लॅमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या नर्मदेच्या लॅमेटा घाटावरून. नांगरलेल्या शेतात तिथं डायनासोरची हाडं आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. या गोळ्यांनी २००५ साली जगभर खळबळ उडवली, कारण त्यांत गवताच्या पेशींतले सूक्ष्म कण सापडले. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असंच मानलं जाई.

त्याच पिजदुऱ्याला कासवाच्या कवट्या आणि कवचंही निघाली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले सोहनलाल जैन यांनी १९७७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. वर्गीकरणावर पुढं बराच खल झाला, आणि २०२० मध्ये वॉल्टर जॉयस आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी सगळे नमुने पुन्हा तपासून त्याला नवं नाव दिलं: जैनेमिस पिसदुरेन्सिस. अर्ध्या नावात माणूस, अर्ध्यात विदर्भातलं गाव. ते गोड्या पाण्यातलं आडमानी कासव होतं.

दुसरं तमिळनाडूत, अरियलूर भागातल्या कल्लमेडूचं. २००१ साली त्याला कुर्मादेमिस हे नाव मिळालं. तिसरं मुंबईचं. तिथल्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळातल्या कासवाचं वर्णन १८५२ सालीच हेन्री कार्टर यांनी केलं होतं, आणि त्या गाळात इवल्या बेडकांचे सांगाडेही विपुल आहेत. मुंबईतूनच आणखी एका आडमानी कासवाचं वर्णन २००३ मध्ये झालं, त्याचं नाव सांकुकेमिस. मुंबईचे हे थर त्या युगाच्या शेवटाला लागून असलेल्या काळातले.

याहून खूप जुनं, ज्युरासिक काळातलं एक कासव प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात सापडलं आणि २००० साली इंडोकेलिस म्हणून नोंदलं गेलं. पैठण आणि नांदेडवरून वाहत जाणारी आपली गोदावरी पुढं सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते, तोच हा टापू. तिथं लाव्हा नाही, म्हणून ज्युरासिकचे थर उघडे आहेत. नदी तीच, पण अंगाखालचा दगड बदलला की हाती येणारा इतिहास किती बदलतो पाहा.

ही कासवं पोहत आली नसतील कशावरून?

कुर्मादेमिस आणि सांकुकेमिस यांचं सर्वात जवळचं नातं निघतं ते मादागास्करच्या किंकोनिकेलिस या कासवाशी. तेही क्रिटेशसच्या शेवटचंच, २००९ मध्ये नाव मिळालेलं. नकाशात भारत आणि मादागास्कर यांच्यामध्ये आज अख्खा हिंदी महासागर आहे. मग हे नातं कसं?

कारण ते दोन्ही एकेकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते. दक्षिणेकडच्या महाभूखंडातून भारत आणि मादागास्कर जोडीनं सुटले, आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. पुढं भारत एकटा उत्तरेकडे निघाला. त्याचा वेग कधी कधी वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त होता, जो भूखंडांच्या हिशेबानं प्रचंड आहे. आशियाला तो साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भिडला. म्हणजे पिजदुऱ्याच्या तळ्यात जैनेमिस पोहत होतं तेव्हा आपला हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता.

तरी आक्षेप राहतोच, आणि तो बिनबुडाचा नाही. आडमानी कासवांच्या याच मोठ्या कुळातली काही कासवं किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात राहत. समुद्र ओलांडणं त्यांना अगदीच अशक्य होतं असं म्हणता येत नाही. म्हणून एकट्या कासवावरून भूखंडांचा प्रवास सिद्ध होत नाही. पण तीच साक्ष डायनासोरही देतात. गुजरातच्या रहिओलीतून मिळालेला मांसाहारी राजासॉरस हा मादागास्करच्या माजुंगासॉरसचा नातेवाईक आहे, आणि तो काही महासागर पोहणारा प्राणी नव्हता. शिवाय समुद्राच्या तळाच्या खडकांतले चुंबकीय पट्टे हाच प्रवास स्वतंत्रपणे दाखवतात. वेगवेगळ्या मार्गांनी एकच उत्तर येतं तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग मराठवाड्यात का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. इथं डायनासोर आणि कासवं नव्हती असं मानायला काहीच कारण नाही. पूर्वेला चंद्रपूर, उत्तरेला नर्मदा, पश्चिमेला गुजरात, सगळीकडे ती होती. मधल्या मराठवाड्याला वगळून ती राहत होती असं कोण म्हणेल? इथं आपल्याला ती दिसत नाहीत, कारण त्यांच्या जमिनीवर लाव्हा पसरला.

क्रिटेशसच्या शेवटी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वाहू लागला. डोंगराच्या शेंड्यातून उसळणारा ज्वालामुखी डोळ्यांपुढं आणू नये. हा रस पातळ होता, दूरवर पसरत जाई आणि थिजून काळा कातळ होई. आज उरलेला हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. वेरूळचं कैलास लेणं, अजिंठ्याची लेणी, देवगिरीचा तासलेला कडा, बालाघाटाच्या रांगा, सगळं याच कातळाचं.

पण लाव्हा एकदाच आला नाही, आणि इथंच सगळी गंमत आहे. मातीच्या घराची जमीन आठवा. एकदा सारवायचं, वाळू द्यायचं, काही दिवस वापरायचं, मग पुन्हा सारवायचं. दोन सारवणांच्या मधल्या दिवसांत जी धूळ बसली, ज्वारीचा दाणा पडला, मण्याचा तुकडा पडला, तो वरच्या थराखाली बंद होतो. पुढं कधी जमीन खणली तर पापुद्र्यांमधून तो जसाच्या तसा मिळतो. दख्खनचंही तसंच. एक लाव्हा आला, थंड झाला, वर माती झाली, पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली, झाडं आली, गोगलगायी, मासे, बेडूक, कासवं आली. मग पुढचा लाव्हा. ही मधली उसंत कधी थोडी, कधी हजारो वर्षांची.

वेरूळच्या डोंगरात, घाटाच्या रस्त्याला कापलेल्या कड्यात किंवा खोल विहिरीच्या भिंतीत काळ्या कातळामधून जाणारा तांबडा पट्टा अनेकांनी पाहिला असेल. तो अशाच एका उसंतीचा माग आहे. ठिकठिकाणी हा मधला थर तळ्याच्या राखाडी गाळाचा असतो, आणि जीवाश्मं मिळतात ती तिथं. तेलंगणातल्या आसिफाबाद आणि नास्कल इथं अशाच गाळात मासे, बेडूक, सरडे, कासवं यांचे तुकडे मिळाले आहेत. नास्कलला १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टिस या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात जाहीर झाले. आसिफाबाद म्हणजे आपल्या किनवटच्या पलीकडचा मुलूख.

"पण तप्त लाव्हानं खालची हाडं जळून जातील ना?" हा प्रश्न येतोच. गाळाचा अगदी वरचा भाग भाजतो, हे खरं. पण माती उष्णता फार आत जाऊ देत नाही, आणि लाव्हाची खालची बाजू लवकर थिजते. खालची हाडं शाबूत राहतात. वर कातळाचं झाकण बसल्यामुळे ती पावसापाण्यात वाहूनही जात नाहीत.

कातळ किती जाड आहे?

पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेला ती कमी कमी होत जाते. मराठवाड्यासाठी एक नेमका आकडा आपल्याकडे आहे, आणि तो फार मोठ्या दुःखातून आला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. इतक्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भूमीत तो का झाला हे शोधायला तिथं ६१७ मीटर खोल वेधन घेतलं गेलं. त्यात वरचे ३३८ मीटर लाव्हाचा कातळ निघाला. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक.

त्या ८ मीटरवर थोडं थांबायला हवं. लाव्हा येण्याआधी लातूरची जी उघडी जमीन होती, तिचा गाळ तो. त्यात कासव आहे असा दावा मी करत नाही. वेधनाची नळी हाताच्या पंजाएवढी रुंद, तेवढ्यात हाड सापडणं हा निव्वळ योग असतो. पण किल्लारीच्या पायाखाली, ३३८ मीटरवर, जुनी जमीन अजून आहे एवढं तरी हाताला लागलेलं आहे.

नांदेडच्या देगलूर, मुखेड, बिलोली भागात तर लाव्हा संपतोच आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. तो खडक २५० कोटी वर्षांहून जुना. कासव तर सोडाच, तेव्हा पृथ्वीवर हाड असलेला कोणताही प्राणी नव्हता. म्हणजे मराठवाड्यात एक तर डायनासोर युगाचं पान कातळाखाली आहे, नाही तर ते पान येण्याआधीचा दगड वर आला आहे. मधली, पिजदुऱ्यासारखी उघडी पट्टी आपल्या वाट्याला फार थोडी.

इतकी वर्षं कशावरून सांगता?

झाकणाऱ्या याच लाव्हाचा एक मोठा उपकार आहे. त्यात पोटॅशियम असतं. त्यातल्या एका किरणोत्सारी प्रकाराचं ठरावीक गतीनं रूपांतर होत जातं आणि काही भाग आर्गॉन वायू होतो. निम्मा प्रकार संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. रस तप्त असताना आर्गॉन निसटून जातो. तो थिजला की नवा आर्गॉन आत कोंडला जातो. किती कोंडला आहे ते मोजलं की लाव्हा कधी थिजला ते कळतं. अलीकडे तांबड्या पट्ट्यांत मिळालेल्या झिरकॉन नावाच्या स्फटिकांतलं युरेनियम मोजूनही तारखा काढल्या आहेत. दोन्ही पद्धती ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासच येऊन थांबतात, आणि या लाव्हाचा फार मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला असं सांगतात.

म्हणून खालच्या आणि वरच्या कातळाच्या तारखा माहीत असल्या की मधल्या गाळातल्या कासवाचं वय दोन्ही बाजूंनी बांधलं जातं. नुसत्या गाळाच्या प्रदेशात ही सोय नसते.

पैठणला हाडं सापडली होती, त्यांचं काय?

ती खरी, पण काळ अगदी वेगळा. मुंगी-पैठण परिसरात गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तींचे अवशेष १९ व्या शतकापासून माहीत आहेत. लातूर भागात मांजरेच्या गाळातूनही हत्ती, पाणघोडे अशा प्राण्यांची हाडं मिळाली आहेत. मांजरेत पाणघोडे डुंबत होते ही कल्पनाच किती सुंदर आहे! पण हा गाळ लाव्हाच्या वरचा, फार तर काही लाख वर्षांचा. डायनासोर युग त्याच्या शेकडो पट मागं. नदीच्या थडीत हाड सापडलं तर ते जपण्याजोगं नक्कीच आहे, फक्त त्याला डायनासोर म्हणू नये.

डायनासोर गेले, कासवं राहिली

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलूब भागात एक अशनी आदळला. त्याचं विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. इकडे दख्खनचा लाव्हा चालूच होता. प्राणी-वनस्पतींच्या साधारण तीन-चतुर्थांश जाती संपल्या. कासवांच्या मात्र बहुतेक शाखा तरल्या. अमेरिकेतल्या मोंटाना भागात त्या सीमारेषेच्या खाली जी कासवं मिळतात, त्यांतली बरीचशी वरच्या थरांतही मिळतात.

कवचामुळे वाचली, हे उत्तर चटकन सुचतं. पण ते टिकत नाही. अंगभर हाडांचं चिलखत असलेले अँकिलोसॉर डायनासोर नामशेष झाले. शंखवाले अमोनाइट संपले. आणि कासवाचं कवच नसलेली मगर वाचली.

खरं कारण राहणीत आहे. आभाळ धुळीनं झाकोळलं आणि झाडं वाळली, तेव्हा हिरवा पाला खाणारे उपाशी मेले, आणि त्यांना खाणारेही. नद्या-तळ्यांतली साखळी ताज्या पाल्यावर तेवढी अवलंबून नसते. सडलेला पाचोळा किडे खातात, गोगलगायी खातात, त्यांना मासे आणि कासवं. सडलेल्याची तर तेव्हा वाण नव्हती. त्यात कासवाला अन्न कमी लागतं, कारण ते शरीर तापवण्यात शक्ती घालवत नाही. महिनोन्‌महिने ते काही न खाता काढू शकतं. आणि ते चिखलात, बिळात स्वतःला गाडून घेतं. मघाशी म्हटलेला खणण्याचा मुद्दा तो हाच.

आपल्याला हे परकं नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात रुतलेली कासवं आपण पाहतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती पुन्हा रस्त्यावरून चालताना दिसतात. पण या सहनशक्तीलाही तळ आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात ज्युरासिक काळातल्या एका आटलेल्या डोहात सुमारे १८०० कासवं एकाच जागी मेलेली सापडली. दुष्काळात उरलेल्या शेवटच्या पाण्याकडे ती जमली होती, आणि ते पाणीही गेलं. २०१२ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आटलेल्या धरणाच्या तळाशी शेवटच्या डबक्याभोवतीची तडफड ज्यानं पाहिली आहे, त्याला तो शोधनिबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आजचं गोदावरीतलं कासव त्यांचं वंशज आहे का?

थेट नाही. आडमानी शाखा डायनासोरनंतरही या उपखंडाच्या आसपास बराच काळ होती, म्यानमारमध्ये तिचे फार अलीकडचे अवशेष आहेत, पण पुढं ती इथून गेली. आजची सरळमानी कासवं, त्यांतही मऊ पाठीची, ही मुळात आशियाकडची. भारत आशियाला जुळल्यावर त्यांना वाट मिळाली.

गोदावरी-कृष्णेत राहणाऱ्या अशा एका मोठ्या मऊ पाठीच्या कासवाला लीथचं कासव म्हणतात. ते आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली. तरी कासवं पकडली जातात, खाल्ली जातात. अमुक नखांच्या कासवानं पैशाचा पाऊस पडतो असल्या थापांवर विकलीही जातात. अशनी आणि लाव्हा दोन्ही सोसलेल्या कुळाचा जीव गोणीत बांधून विकला जाताना पाहणं मला तरी सहन होत नाही.

शेतात किंवा विहिरीत तुकडा सापडला तर

पहिली फसगत गोल धोंड्यांची. आपला काळा कातळ हवा-पाण्यानं झिजताना त्याचे कोपरे आधी जातात आणि एकावर एक पापुद्रे सुटून आत वाटोळा गोटा उरतो. अंड्यासारखा किंवा कासवाच्या पाठीसारखा दिसणारा मराठवाड्यातला दगड बहुतेक वेळा हाच असतो. फोडला तर आत सगळा एकसारखा काळा कातळ. लाव्हाच्या कातळाच्या आत हाड मिळत नाही, ते मिळतं मधल्या गाळात.

खरा कवचाचा तुकडा सपाट, काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर जाड असतो, आणि पहिल्या नजरेला खापरच वाटतो. तीन गोष्टी बघाव्यात. तुटलेल्या कडेवर दोन घट्ट थरांच्या मध्ये बारीक छिद्रांचा थर दिसतो का. एखादी कड तुटल्यासारखी नसून दातेरी, शेजारच्या हाडात बसेल अशी आहे का. आणि पृष्ठभागावर उथळ खाचा आहेत का, ज्या हाडांच्या सांध्यांशी जुळत नाहीत. त्या खाचा म्हणजे वरच्या खवल्यांच्या सीमा. खापराला यातलं काही नसतं.

विहीर किंवा बोअर घेताना काळ्या कातळांच्या मध्ये राखाडी, हिरवट किंवा पांढरट गाळदगड लागला, तर त्यात आधी गोगलगायीचे शंख शोधावेत. फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे दगड झालेले छोटे, पिळदार शंख दख्खनच्या या मधल्या थरांत जागोजाग मिळतात. ते दिसले म्हणजे तिथं तळं होतं, आणि तळं होतं तिथं कासवाची शक्यता आहे. शुद्ध तांबड्या पट्ट्यात ही शक्यता फार कमी, तिथं हाड सहसा टिकत नाही. असा थर पूर्वेकडे, नांदेड-हिंगोलीच्या बाजूला, कातळ पातळ होत जातो तिथं लागण्याची आशा जास्त.

तुकडा धुऊ नये, घासू नये, डिंकानं चिकटवू नये. जागेचा फोटो घ्यावा, किती फुटांवर, कोणत्या थरात मिळाला ते लिहून ठेवावं. जागा कळल्याशिवाय जीवाश्माचं वय काढता येत नाही, मग तो कितीही सुंदर असो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं जातं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. विहिरीतून निघालेला असा दगड कडेच्या ढिगात टाकून त्यावर मुरूम ओतण्याआधी त्यांपैकी कुणाला तरी दाखवावा.